कूलरला थर्मोस्टॅट जोडताय? आधी सेन्सरची जागा बघा

भाऊ, नागपूरच्या मे महिन्यात ही हौस सुचली म्हणजे तू आमच्यातलाच! घाबरू नको. थर्मोस्टॅटसाठी तापमान मोजणाऱ्या १०के एनटीसी सेन्सरला दोनच वायरी असतात, उलटसुलट जोडल्या तरी चालतं.

पण आधी मेन स्विच बंद कर, टेस्टर लावून खात्री कर. सेन्सरच्या टर्मिनलमध्ये २३० व्होल्ट गेले की कंट्रोलर, म्हणजे थर्मोस्टॅटचा डबा, संपला. माझा पहिला असाच 'फट्' करून गेला, घरभर जळका वास.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- सेन्सर कूलरच्या झोतात टांगतो. मग सेन्सर गार, खोली तापलेलीच. पश्चिमेची भिंतही नको, ती सूर्य मावळल्यावरही धगधगत असते. आतल्या भिंतीजवळ, छातीच्या उंचीवर, भिंतीपासून बोटभर सुटा ठेव.
- सेन्सरची वायर मोटारीच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेतो. मग आकडे नाचू शकतात.

जोडून झालं की सेन्सरचं फक्त धातूचं टोक बर्फाच्या पाण्यात ढवळ. आकडा ० च्या आसपास यायला हवा. कूलर चालू आणि बंद व्हायच्या तापमानात फरक २ अंशांचा ठेव, नाहीतर रिले (कूलर चालू-बंद करणारा आतला स्विच) रात्रभर टकटक करेल आणि घरचे तुला झोपू देणार नाहीत.

पंप आणि पंखा वेगवेगळे चालवायचं पुढच्या उन्हाळ्यात बघू.