पाहुणे येतात, टिकत नाहीत

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी मित्रांना उपासनेला आणण्याची मोहीम होते. दहा-बारा नवे चेहरे येतात आणि महिन्याभरात दिसेनासे होतात. काय चुकतं?

उत्तर : बायबलमधल्या मत्तय २८:१९-२० या वचनांच्या मूळ ग्रीकमध्ये येशूची मुख्य आज्ञा एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही सगळी तिला जोडून आलेली धातुसाधितं. तुमची मोहीम पाहुण्याला बाकावर बसवते आणि तिथेच थांबते. मार्क ३:१४ पाहा. येशूने बारा जणांना नेमलं ते आधी आपल्यासोबत राहण्यासाठी, पाठवणं त्यानंतर. ही सोबतच तुमच्याकडे राहून गेली आहे.

पुढच्या वेळी दहा जणांना बोलावू नका. ज्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे अशा दोघा-तिघांसोबत मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं एक चरित्र, वाचायला बसा. अध्याय १६ आहेत. आठवड्याला एक, वेळ तासभर. अध्याय सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचा आणि तीनच प्रश्न घ्यायचे : येशू इथे काय करतो? तुम्हाला काय खटकलं? यातलं काय या आठवड्यात करून पाहाल? पुढची बैठक या तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरू करा. बहुतेक गट तोच गाळतात, आणि मग चर्चा रंगते पण कुणाचं जगणं हलत नाही. दुसरी चूक म्हणजे चालवणाऱ्याचं प्रवचन. तुम्ही पंधरा मिनिटांच्या वर बोललात, तर समोरचा पुन्हा श्रोताच झाला. शेवटच्या अध्यायात नवव्या वचनापासूनचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत का नाही, हे कुणीतरी विचारेलच. ते झाकू नका, सरळ सांगा.

भाषाही तपासा. ‘माझं तारण झालं’ म्हटलं की बाहेरच्या माणसाला कर्जाचं तारण आठवतं आणि ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट. त्यापेक्षा ‘देवाने मला क्षमा केली’ म्हणा, लगेच कळतं.

सोळा आठवडे संपले की त्यातल्या एकाला पुढचा गट चालवायला द्या, तुम्ही बाजूला बसा. २ तीमथ्य २:२ मध्ये प्रेषित पौल, त्याचा सहकारी तीमथ्य, विश्वासू माणसं आणि त्यांनी शिकवायचे इतर, अशी चौघांची साखळी आहे. बरेच गट दुसऱ्या कडीवरच थांबतात.

प्रश्न : ऑफिसमधल्या मित्रापाशी येशूचं नाव काढलं की तो विषय बदलतो. बोलत राहावं का?

उत्तर : नाही. त्याने नकार दिला आहे, तो माना. १ पेत्र ३:१५ विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतं, तेही सौम्यतेने आणि आदराने. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्प हा सुवार्तिक रथात बसून शास्त्र वाचणाऱ्या एका अधिकाऱ्याला भेटतो. त्याने आधी प्रश्न केला, वाचताय ते समजतंय का, आणि अधिकाऱ्याने बोलावल्यावरच तो वर चढून बसला. मित्र अडचणीत असेल तेव्हा ‘तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ एवढं विचारा. ‘नको’ म्हणाला तरी त्याला हवी ती मदत करा, आणि त्या मदतीला उपासनेचं आमंत्रण कधीही जोडू नका.