अमेरिकेच्या सरहद्दीच्या (‘फ्रंटियर’च्या, म्हणजे पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वस्तीच्या सीमेच्या) इतिहासावर घरी संदर्भग्रंथ जमवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

आधी कोश घ्या, कथनं नंतर. हॉवर्ड लामार यांनी संपादित केलेला अमेरिकन पश्चिमेचा १९९८चा कोश आणि डॅन थ्रॅप यांचा चरित्रकोश हाताशी असला की निम्मी कोडी घरबसल्या सुटतात. मग फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराचा सरहद्दीवरचा १८९३चा निबंध वाचा, पण त्याच्या शेजारीच इतिहासकार पॅट्रिशिया लिमरिक यांचं १९८७चं ‘द लेगसी ऑफ कॉन्क्वेस्ट’ हे पुस्तक ठेवा. टर्नरला मोकळी वाटलेली जमीन आधीपासून कुणाची तरी होती, हे तिथे नीट कळतं.

जुनी प्रत घेताना शेवटची पानं आधी उघडा. शब्दसूची नसेल तर संदर्भासाठी ते पुस्तक घेऊ नका. घडीचे नकाशेही उलगडून बघा. माझ्या एका प्रतीतला नकाशा कुणीतरी ब्लेडने कापून नेला होता, पुठ्ठ्याला फक्त बोटभर पट्टी उरली होती.