मुलगी अबोल आहे म्हणून योगवर्ग ओस पडत नाही

प्रश्न: माझी मुलगी 24 वर्षांची आहे. बी.कॉम.नंतर तिने योगशिक्षकाचा कोर्स केला आणि जानेवारीपासून आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी 6 ते 7 वर्ग घेते. फी महिना 700 रुपये. सुरुवातीला 22 जण होते, एप्रिलअखेर 8 उरलेत. मी रोज मागे बसून बघते. ती मुळात अबोल, तिच्यात जोश नाही. गाणी लाव, अवघड आसनं करून दाखव म्हटलं की चिडते. घरी रोज यावरून वाद होतात. तिने अजून वरचा कोर्स करावा, की हे सोडून बँकेच्या परीक्षेला बसावं? (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, 22 चे 8 झाले याची मला फारशी काळजी वाटली नाही. ‘मी रोज मागे बसून बघते’ हे वाक्य मात्र दोनदा वाचलं.

वीरभद्रासन, म्हणजे एक पाय पुढे घेऊन त्याचा गुडघा वाकवून उभं राहायचं आसन, घेताना तिची नजर समोरच्याच्या पुढच्या गुडघ्यावर हवी. तो आत कलतोय का, पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, हे तिला दिसलं पाहिजे. आई मागे बसून माणसं मोजत असेल तर ती नजर दाराकडे जाते, मग तुमच्या चेहऱ्याकडे. शिकवणाऱ्याचं लक्ष असं फुटलं की सूचना पाठ केल्यासारख्या येऊ लागतात, आणि आपल्याकडे कोणी बघत नाही हे समोरच्याला दोन दिवसांत कळतं. वर घरी आल्यावर चहाबरोबर पुन्हा आजचा आकडा. चार महिने रोज पहाटे उठून, आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसांसमोर उभी राहून ती शिकवते आहे. तुमच्या पत्रात याचं कौतुक एका ओळीचंही नाही. तुम्ही हे काळजीपोटी करता हे मला कळतं, तरीही ते उद्यापासून बंद करा. वर्गाला यायचंच असेल तर फी भरून, चटई घेऊन पहिल्या रांगेत या.

आकड्याबद्दल एवढंच, की जानेवारीची गर्दी ही नव्या वर्षाच्या आणि रथसप्तमीच्या संकल्पांची असते. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नं, सुट्ट्या, गाव. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, 21 जूनचा योग दिन येतो आणि लोक पुन्हा विचारू लागतात. तेव्हा आलेले टिकतात की नाही, ते तिच्या हातात आहे.

आता तुमचा खरा गैरसमज. उत्साह म्हणजे शिक्षकाचा मोठा आवाज, गाणी आणि शीर्षासन, असं तुम्ही धरून चालला आहात. योगवर्गात हे उलटं पडतं. गाणं लावलं की श्वास तालावर जातो आणि प्राणायामात स्वतःचा श्वास ऐकूच येत नाही. शिक्षकाने अवघड आसन करून दाखवलं की पन्नाशीच्या बाईला पहिला विचार येतो, ‘हे आपलं काम नाही.’ जोश आणायचा म्हणून कपालभातीचा वेग वाढवणारेही पुष्कळ आहेत. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असलेलं कोणी त्या वर्गात बसलं असेल तर हा खेळ धोक्याचा आहे. माणसाला हुरूप येतो तो काल न जमलेलं आज थोडं जमलं, आणि ते शिक्षकाच्या लक्षात आलं, तेव्हा. अबोल शिक्षिकेला हे उत्तम जमतं, कारण तिचं बघणं चांगलं असतं.

यापुढचं पत्र मुलीला वाचायला द्या.

बाळा, रोज नवी आसनं शोधत बसू नकोस. चार आठवड्यांसाठी एक आसन धर. समज, त्रिकोणासन. पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर, एक पाऊल बाहेर वळलेलं, दुसरं किंचित आत. पहिल्या आठवड्यात भिंतीला पाठ लावून बाजूला वाकताना खालचा हात खुर्चीच्या बैठकीवर, दुसऱ्यात एकावर एक दोन ठोकळ्यांवर, तिसऱ्यात एका ठोकळ्यावर, चौथ्यात जिथे छाती उघडी राहील तिथे. प्रत्येक बाजूला पाच श्वास. हात जमिनीला टेकवायची हौस सगळ्यांना असते. तो ओढून टेकवला की छाती खाली पडते, वरची कूस आखडते आणि भार पुढच्या गुडघ्यावर येतो. म्हणून ज्याचा हात महिनाभर खुर्चीवरच राहिला पण दोन्ही कुशी लांब झाल्या, त्याची प्रगती झाली असं त्याला मोठ्याने सांग. एका वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिही: खुर्ची, ठोकळा, किती श्वास. चार आठवड्यांनी ती ओळ त्याला दाखव.

आसन एकदाच, बाजूने उभं राहून, न बोलता दाखव. वीस सेकंद पुरेत. मग तू करू नकोस, फिर. तू वाकलेली असशील तर कोणाचा गुडघा दुमडला ते दिसत नाही आणि आवाजही जमिनीत जातो. समोर तोंड करून दाखवणार असशील तर ‘उजवा हात’ म्हणताना स्वतःचा डावा उचल, नाहीतर निम्मा वर्ग गोंधळतो. ‘शरीर स्थिर ठेवावे’ अशा सूचनेने काहीच होत नाही. ‘उजवी टाच जमिनीत दाबा’ म्हण. अशा दोन सूचना, मग दोन श्वास गप्प राहा. लोकांना जे सांगितलं ते करायला वेळ लागतो, आणि नवीन शिक्षक नेमका तोच वेळ बोलून भरून टाकतात.

चूक दुरुस्त करताना नाव घेऊ नकोस, सगळ्यांना उद्देशून सांग. सुधारणा झाली की मात्र नाव घे. हात लावण्याआधी विचार. नवीन माणूस आला की चटई अंथरण्याआधीच गुडघे, कंबर, रक्तदाब आणि झालेली शस्त्रक्रिया यांबद्दल विचारून घे. गुडघेदुखी असलेल्याला सगळ्यांबरोबर वज्रासनात बसवलंस तर तो तक्रार करणार नाही, फक्त उद्यापासून येणार नाही. त्याला खुर्ची दे. सूर्यनमस्कार मिश्र वयाच्या वर्गात बारा झपाझप घेण्यापेक्षा चार घे, एका श्वासाला एक स्थिती.

आणि घड्याळ. आसनं लांबतात, शवासन एका मिनिटावर येतं आणि तरी वर्ग सात दहाला सुटतो. ज्याला डबा भरायचा आहे किंवा दुकान उघडायचं आहे, तो आठवडाभर सोसतो आणि यायचा बंद होतो. 6:50 ला सगळे आडवे झालेच पाहिजेत, आणि सातला दार उघडलं पाहिजे.

ताई, कोर्सबद्दल थोडक्यात: आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा, लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या संस्थांचे अभ्यासक्रम, कॉलेजात शिकवायचं तर योगात एम.ए. आणि नेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा. नोकरीसाठी हे उपयोगी आहेत, पण वर्ग भरायला प्रमाणपत्र कामी येत नाही.

बँकेचं म्हणाल तर बँकभरती करणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या क्लार्क परीक्षेला खुल्या प्रवर्गातही 28 व्या वर्षापर्यंत बसता येतं, पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला 30 पर्यंत. म्हणजे आज, या वादाच्या भरात, निर्णय घ्यायची गरज नाही. तिला बसायचं आहे का, हे एकदा विचारा आणि जे उत्तर येईल ते ऐका. एक गोष्ट मात्र तिनेही मान्य करावी: 22 जण परत आले तरी महिन्याला 15,400 रुपयेच होतात. एका वर्गावर पोट भरत नाही. संध्याकाळी दुसरी बॅच आणि सकाळी दहाला ज्येष्ठांसाठी खुर्चीवरचा योग, हे तिने डिसेंबरपर्यंत उभं करून बघावं.

त्याआधी, याच आठवड्यात, सोडून गेलेल्या 14 जणांना तिने फोन करावा. तुम्ही करू नका. ‘परत या’ म्हणू नये, ‘का सोडलंत’ असंही विचारू नये. ‘वर्गात कोणतं आसन करताना त्रास व्हायचा?’ एवढंच विचारावं आणि उत्तर त्याच वहीत, त्या नावापुढे लिहावं.