करंड्यात जपलेला तुकडा

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा. सैन्यात जायचं म्हणून रोज पहाटे पळायला जातोय. पंधरा दिवसांमागं कबड्डी खेळताना दुसऱ्या पोराचं डोकं तोंडावर बसलं आणि वरचा पुढचा दात तिरका तुटला. तुकडा सापडला, तो मी कुंकवाच्या करंड्यात कापूस घालून ठेवलाय. एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले, शेजारचे धरून चार दातांना कॅप बसवूया, एकसारखे दिसतील. दुसरीकडं म्हणाले, बाँडिंग करूया. भरतीत दात बघतात म्हणे. काय करू?
– एक आई, उचगाव

उत्तर : ताई, त्या चार कॅपना आधी नाही म्हणून सांगा. तुटलाय एक दात. बाकीचे तीन चांगले आहेत, त्यांना हात लावायचं कारणच नाही.

कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी घासावा लागतो. बाहेर दिसणारा अर्ध्याहून जास्त दात त्यात जातो आणि गेलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, परत कधी येत नाही. १९ व्या वर्षी दाताच्या आतली नस मोठी असते, वरच्या थराच्या बरीच जवळ असते. घासताना तिला इजा होण्याची भीती या वयात जास्त.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दवाखाना सुरू करून मला तीन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा खानापूरकडची एक मुलगी आली होती. लग्न ठरलेलं, एका दाताचा कोपरा उडालेला. घरच्यांचा आग्रह होता आणि मलाही वाटलं, चारही दात सारखे केले तर चांगलं दिसेल. मी तिचे तीन निरोगी दात घासले. दोन वर्षांनी ती माहेरपणाला आली तेव्हा त्या तिघांतल्या एकाच्या हिरडीवर पुवाची पुळी होती. आतली नस मेली होती. त्या दाताला मुळात काहीच झालेलं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून झालं. आजही कुणी ‘चारही करून टाका की’ म्हणालं की मला ती मुलगी आठवते.

बाँडिंगमध्ये दात फारसा घासत नाहीत. फॉस्फोरिक आम्लाची जेली तुटलेल्या कडेवर पंधरा ते तीस सेकंद ठेवायची आणि धुऊन टाकायची. एवढ्यानं एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पडतात. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी ती आधी टोचून खडबडीत करतो, तसंच हे. मग त्या छिद्रांत पातळ चिकट द्रव मुरवायचा, निळ्या प्रकाशानं घट्ट करायचा आणि त्यावर कॉम्पोझिट नावाचं दाताच्या रंगाचं मऊ द्रव्य थरावर थर देत दाताचा आकार घडवायचा. एकेक थर दोन मिलीमीटरच्या आत ठेवून दर थराला प्रकाश द्यायचा, कारण जाड थरात तो खालपर्यंत पोचत नाही. शेवटी चावा जुळवून पॉलिश. एका दाताला अर्धा-पाऊण तास, फार तर तास. बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही.

एनॅमलला आम्ल लावून त्याला चिकटवायचं, ही कल्पना अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याची, १९५५ सालची. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात आधी आम्ल लावत, त्यावरून त्यांना ती सुचली. पुढं १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटचं मूळ द्रव्य तयार केलं. त्याआधी तुटलेल्या दाताला घासल्याशिवाय फारसा इलाज नव्हता. तुमच्या मुलाला आज घासण्याची सक्ती नाही, ती या दोघांमुळं.

आता करंड्यातला तुकडा. ताई, तो जपलात हे फार बरं केलंत. तुकडा अखंड असेल आणि दाताशी जुळत असेल तर त्याच आम्लानं आणि त्याच चिकट द्रवानं तो परत जोडता येतो. स्वतःच्या दाताचा रंग आणि चमक कुठल्या द्रव्याला येणार? फक्त पंधरा दिवसांत तो वाळलाय. वाळलेला तुकडा जास्त पांढरा दिसतो आणि जोडही कच्चा होतो, म्हणून दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशी कापसातून काढून स्वच्छ पाण्यात ठेवा आणि त्या पाण्यासकट आणा. कुंकू लागलं असेल तर नुसतं धुवा, ब्रशनं किंवा राखेनं घासू नका. घरी कसलाही गोंद लावून चिकटवू नका. तसं करून आलेले रुग्ण मी पाहिलेत, तो गोंद खरवडण्यात जोडाची कडच जाते.

जोडण्याआधी एक्स-रे काढून घ्यायचाच. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडलीय, मग आधी तिचा इलाज. ठिपका नसला तरी मार लागलेल्या दाताची नस काही महिन्यांनीही मरू शकते. म्हणून महिन्यानं, सहा महिन्यांनी आणि वर्षानं दाखवायला या. मध्येच दात काळपट पडला तर थांबू नका.

टिकेल किती? पुढच्या दाताच्या कडेचं बाँडिंग साधारण पाच वर्षं धरून चाला. जपलं तर जास्तही जातं. पुन्हा तुटलं तर पुन्हा करता येतं, तेवढा दात शिल्लक असतो. पण त्या दातानं ऊस सोलायचा नाही, करदंटासारखी चिवट मिठाई तोडायची नाही, बाटलीचं टोपण उघडायचं नाही. आपल्याकडं गुऱ्हाळं सुरू झाली की असे दात घेऊन येणारे वाढतात.

भरतीचं म्हणाल तर सैन्याच्या तपासणीत दातांचे पॉइंट मोजतात. वरचा दात आणि त्यासमोरचा खालचा दात मिळून एक जोडी धरतात. पुढच्या दातांच्या आणि उपदाढांच्या प्रत्येक जोडीला १, मोठ्या दाढांच्या जोडीला २, सगळे दात असतील तर २२, आणि किमान १४ लागतात. कोपरा गेला म्हणजे दात गेला असं नव्हे. शेवटचा शब्द तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा, पण मला तुमच्या मुलाच्या पुढच्या दातापेक्षा दाढांची काळजी जास्त आहे. एक किडलेली दाढ गेली की दोन पॉइंट गेले. त्याच फेरीत सगळ्या दाढा तपासून घ्या.

आणि कबड्डी सोडायला लावू नका, तोंडात गार्ड घालायला लावा. खेळताना कुणाचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मूळ घासायचं नाही, जमलं तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात टाकून अर्ध्या तासात दंतवैद्याकडं पोचायचं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. हे मैदानावरच्या बाकीच्या पोरांनाही सांगा.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी पुण्यात पुढच्या दोन दातांना बाँडिंग केलं. आता ते पिवळट दिसतंय. ब्लीचिंगनं पांढरं होईल का?
– टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही. ब्लीचिंगनं तुमचे दात उजळतील, कॉम्पोझिट आहे तसंच राहील आणि फरक उलट जास्त डोळ्यांत भरेल. आधी नुसतं पॉलिश करून बघा, चहाचे वरवरचे डाग बऱ्याचदा तेवढ्यानं जातात. नाही गेले तर वरचा थर काढून नवा देता येतो. ब्लीचिंग करायचंच असेल तर ते आधी, मग दोन आठवडे थांबून नवं बाँडिंग. लगेच केलं तर पकड कमी बसते. आणि रंग निवडताना दात ओले असताना निवडायला सांगा. दोरे-कापूस घालून वाळलेला दात पांढरा दिसतो आणि रंग चुकतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६१. दोन वर्षांत वरच्या दोन दातांमध्ये फट पडली. बाँडिंगनं बुजवता येईल ना?
– वडगाव, बेळगाव

उत्तर : गुरुजी, लहानपणापासूनची फट असती तर लगेच हो म्हटलं असतं. साठीत नव्यानं पडलेली फट म्हणजे दात जागा सोडतोय. मुळाभोवतीचं हाड झिजलं की असं होतं, आणि त्यामागं बहुतेक वेळा हिरड्यांचा जुना आजार असतो. हलणाऱ्या दाताला वरून लिंपलं तर सहा महिन्यांत फट दुसरीकडं निघेल आणि मधला वेळ वाया जाईल. ब्रश करताना रक्त येतं का बघा. आधी हिरड्यांचा इलाज, दात स्थिरावले की बाँडिंग. शुगर तपासून घ्या आणि रिपोर्ट सोबत आणा. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात.

प्रश्न : मी तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. वय ४४. वीस वर्षं मिश्री लावते. दातांच्या मुळाशी खाचा पडल्यात, गार पाणी लागलं की मस्तकात कळ जाते. माघात लेकीचं लग्न आहे. चारचौघांत हसायची लाज वाटते.
– निपाणी

उत्तर : आक्का, पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. आपण दोघी मिळून ही लाज घालवू.

त्या खाचा बोटानं आडवी मिश्री घासून आणि आडव्या ब्रशनं पडतात. मुळाशी एनॅमल अगदी पातळ असतं. ते झिजून आतला थर उघडा पडला की कळ येते. खाचा कॉम्पोझिटनं किंवा ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटनं भरता येतात. मुळाशी ओल राहते आणि एनॅमल कमी, तिथं हे सिमेंट चांगलं धरतं. कळ बहुतेक त्याच दिवशी कमी होते.

पण मिश्री चालू ठेवून भरलेलं टिकणार नाही. घासून निघेल आणि काळं पडेल. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यानं हिरड्या खाली सरकतात आणि तोंडाचा कॅन्सर होतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. गालात किंवा जिभेखाली पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दात राहू देत, आधी ते दाखवा.

मिश्री एकदम सुटत नाही हे मला माहीत आहे. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगणाऱ्या कितीजणी माझ्यासमोर बसून गेल्यात. उठल्यावर आधी कोमट पाणी प्या, मग मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. दिवसाला तीन वेळा लावत असाल तर या आठवड्यात दुपारची सोडा, पुढच्या आठवड्यात रात्रीची. सकाळची शेवटी जाईल. वखारीत दिवसभर वास नाकात असतो, त्यामुळं तुम्हाला इतरांपेक्षा जड जाणार. एकटीनं जमलं नाही तर मैत्रिणीला सोबत घ्या.

खर्चाची काळजी असेल तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ यांची दंतमहाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करतात. वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून सकाळी लवकर पोचा.

लग्नाच्या आठ दिवस आधी येऊ नका. आधी दात साफ करून हिरड्यांची सूज उतरू द्यावी लागते, कारण रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी काही चिकटत नाही. त्याला दोन-तीन आठवडे धरा. दिवाळी झाली की या आणि येताना लेकीलाही घेऊन या. तिनंही मिश्री धरलीय का ते मला बघायचंय.