डॉक्टरांनी बाबांना विचारलं, उत्तर कोणी दिलं?

“बाबा तपासणीला यायला तयार नसतात. नेलं तर भांडण, नाही नेलं तर जिवाला घोर. काय करू?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला कुणी आलं नाही असा महिना जात नाही. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, रजेचे अर्धे दिवस मोजून वापरणारे. म्हणून मेधाताईंचा अनुभव सविस्तर लिहिते आहे. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मेधाताई नाशिकला बँकेत नोकरी करतात. वडील ७६ वर्षांचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्यामुळे दर तीन महिन्यांनी तपासणी. आधीचे आठ दिवस बाबा गोडाला शिवत नसत, म्हणून उपाशीपोटीची साखर बरी यायची. पण एचबीएवनसी या रक्ततपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब येतो, तो वाढलेलाच असायचा. मग परतताना रिक्षात वादावादी, आणि घरी आल्यावर दोन दिवस अबोला.

पहिल्या दोन भेटींत त्या रडल्या, रागावल्या. मी त्यांची वाक्यं कागदावर उतरवत गेले. “बाबांनी माझं ऐकलंच पाहिजे.” “रिपोर्ट नॉर्मल आलाच पाहिजे.” “माझ्यादेखत त्यांना काही होताच कामा नये.” ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी घडण झाली आहे, त्यामुळे माझे कान आधी हा ‘च’ टिपतात. मेधाताईंच्या प्रेमात खोट नव्हती. त्या प्रेमाला चिकटलेल्या हट्टाने त्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “मागच्या वेळी डॉक्टरांनी बाबांना काय काय विचारलं?”

“नेहमीचंच. झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेता का, चक्कर येते का.”

“मग बाबा काय म्हणाले?”

त्या बोलायला गेल्या आणि थांबल्या. “बाबा काही बोललेच नाहीत. मीच सांगितलं.”

“चक्कर येते का, यावर काय सांगितलंत?”

“नाही येत म्हटलं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

बराच वेळ त्या मांडीवरच्या फाइलकडे बघत राहिल्या. अशा शांततेत आपण काही बोलू नये, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मग हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, “मी त्यांना कधी विचारलंच नाही.” त्या दिवशी मी दुसरं काहीही केलं नाही. पण तो साधा प्रश्न नेमक्या वेळी सुचला, याचं समाधान मला आजही आहे.

पुढच्या खेपेला मेधाताईंचे बाबा, मी त्यांना काका म्हणते, स्वतः आले. “मॅडम, ३४ वर्षं गाडीतल्या पन्नास-पन्नास माणसांचा हिशेब ठेवला. एक पैसा कधी कमी भरला नाही. आता डॉक्टर मला विचारतात, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतो.” थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “पहाटे लघवीला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते.”

“हे डॉक्टरांना सांगितलं नाहीत, काका?”

“हिच्यासमोर? लगेच माझं सकाळचं फिरणं बंद होईल.”

इथे मला जे उमगलं, ते मी तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाला सांगते. म्हाताऱ्या माणसाला तपासणीची भीती असते, हे खरंच आहे. पण पुष्कळदा त्याहून मोठी भीती असते ती तपासणीनंतर घरात लागू होणाऱ्या बंदीची. ज्या घरात खरं बोललं की काहीतरी काढून घेतलं जातं, तिथे माणूस खरं बोलणं सोडतो. काकांना मी एलिस यांचंच उदाहरण दिलं. चाळिशीत मधुमेह झाला, स्वतःचं पथ्य स्वतः सांभाळलं आणि ९३ वर्षं जगले. “स्वतः सांभाळलं” हे शब्द काकांनी पुन्हा म्हणून बघितले.

तुमच्याही घरी हे घडत असेल तर आदल्या रात्री सूचना देऊ नका. “उद्या डॉक्टरांना काय विचारायचंय?” एवढंच विचारा आणि ते त्यांच्या हाताने लिहू द्या, अक्षर वाकडंतिकडं आलं तरी. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घ्या. चूर्णं, काढे, गुडघ्यासाठी परस्पर आणलेली वेदनाशामकं, सगळं. डॉक्टरांच्या खोलीत तुमची खुर्ची जरा मागे घ्या. पहिली काही मिनिटं त्यांना एकट्यांना बोलायचं असेल, तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम सुटला, थरथर झाली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरलेली असू शकते. ती ७० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तात) खाली गेली की लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावं लागतं, आणि तो शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. वयस्कर माणसाची साखर अशी उतरू नये म्हणून डॉक्टर कित्येकदा एचबीएवनसी जाणूनबुजून थोडा जास्त चालवून घेतात. तेव्हा रिपोर्टवर नुसता आकडा बघून बाबांवर चिडू नका.

स्मृतिभ्रंश असेल तर गोष्ट वेगळी. तिथे माहिती तुम्हालाच द्यावी लागते. ती चिठ्ठीवर लिहून आधी आत पाठवावी. तरी पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जावा.

पुढच्या तपासणीला काका आधी एकटे आत गेले. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब आडवं झोपवून मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० हून जास्त उतरत होता, म्हणूनच पहाटे उठल्यावर अंधारी यायची. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. पहाटे उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं ठरलं. फिरणं चालूच राहिलं.

त्या संध्याकाळी मेधाताईंचा फोन आला. “बाबा आत दहा मिनिटं होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. फार जड गेलं, पण नाही विचारलं. मग रिक्षात बसल्यावर त्यांनीच सांगायला सुरुवात केली.”