वाचकांचे प्रश्न : अनोळखी सवंगड्यांच्या आठवणी

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत सगळी भावंडे जमली असताना प्रत्येकाने आपापली सर्वांत लक्षात राहिलेली आठवण सांगितली. कोणी सहल सांगितली, कोणी राजगडावरचा मुक्काम सांगितला. माझ्या मुलाने मात्र टाळेबंदीत पब्जी खेळताना एका अनोळखी मुलाने त्याला कसे वाचवले, तो प्रसंग सांगितला. त्या मुलाचे खरे नावही त्याला ठाऊक नाही. मला ते ऐकून वाईट वाटले. पडद्यावरच्या अशा प्रसंगाला अनुभव म्हणायचे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होय, अवश्य म्हणायचे. तो प्रसंग नेमका कसा घडतो हे पाहिले, तर मुलाला तो इतकी वर्षे का आठवतो, हेही तुमच्या लक्षात येईल. पब्जीत शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. बहुतेक जण चौघांच्या गटाने खेळतात आणि शेवटपर्यंत टिकणारा गट जिंकतो. गोळ्या लागून ‘नॉक’ झालेला खेळाडू गटातले इतर जण उभे असतील, तर लगेच बाद होत नाही. तो रांगत राहतो आणि त्याची उरलेली ताकद क्षणाक्षणाला ओसरत जाते. त्याला ‘रिव्हाइव्ह’ करायचे, म्हणजे पुन्हा उभे करायचे असेल, तर साथीदाराला जवळ येऊन सुमारे दहा सेकंद तेथेच थांबावे लागते आणि तेवढ्या वेळात गोळी झाडता येत नाही. खेळातल्या पोचिंकीसारख्या दाट वस्तीच्या गावात, जेथे कोणत्याही खिडकीतून नेम धरलेला असू शकतो, तेथे धुराचा बॉम्ब टाकून कोणी अनोळखी मुलगा मागे फिरतो, तेव्हा तो स्वतःचा डाव धोक्यात घालत असतो. तो तसाच पुढे निघून गेला असता, तरी त्याला कोणी जाब विचारला नसता. संगणकाने चालवलेल्या पात्राने हेच केले असते, तर तुमच्या मुलाला ते आठवलेही नसते.

खेळाची रचना अशा आठवणींना वाव देते किंवा त्यांची वाट अडवते, असे माझे मत आहे. 2012 साली प्लेस्टेशनसाठी आलेल्या ‘जर्नी’ या खेळात वाळवंटातून डोंगराकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत दुसरा प्रवासी भेटतो. तो जगात कोठेतरी बसलेला खराच माणूस असतो. पण दोघांना बोलता येत नाही, एकमेकांची नावे दिसत नाहीत, फक्त एक मंजूळ साद घालता येते. निर्मात्यांनी सुरुवातीला एकमेकांना ढकलण्याची सोय ठेवली होती, तेव्हा चाचणीत खेळाडू एकमेकांना खड्ड्यात लोटू लागले. मग ती सोय काढून टाकली आणि जवळ आल्यावर दोघांच्याही उपरण्यांत उडण्याचे बळ भरेल, अशी योजना केली. त्यानंतर तीच माणसे एकमेकांसाठी थांबू लागली. सोबत्याचे नाव खेळ पूर्ण झाल्यावरच कळते आणि ते वाचताना अनेकांचे डोळे भरून आले आहेत.

पालक म्हणून तुम्हाला पडलेल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची हकीकत मात्र नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची आहे. ड्यूशेन या स्नायू क्षीण करत नेणाऱ्या आजारामुळे त्याचे आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले आणि 2014 साली, वयाच्या 25 व्या वर्षी, तो वारला. मुलगा दिवसच्या दिवस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ खेळत एकटाच राहिला, त्याला मित्र मिळालेच नाहीत, याचे आईवडिलांना फार दुःख होते. वडिलांनी त्याच्याच ब्लॉगवर निधनाची बातमी दिली, तेव्हा वेगवेगळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. खेळात तो ‘इबेलिन’ या नावाने ‘स्टारलाइट’ नावाच्या मंडळीत वावरत असे आणि त्या मंडळींपैकी काही जण ओस्लोला त्याच्या अंत्यविधीसाठीही आले. त्याच गटात डेन्मार्कची एक आई होती. तिच्या स्वमग्न मुलाला कोणी जवळ घेतलेले सहन होत नसे. ‘तुम्ही दोघे मिळून खेळून पाहा,’ असे मॅट्सने तिला सुचवले आणि प्रत्यक्षात मिठी न मारू देणारा तो मुलगा खेळातल्या आईला मिठी मारू लागला. हे सारे घडत असताना मॅट्सच्या घरच्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागून राहते.

ऑनलाइन खेळांच्या या जगात शिवीगाळ आहे, नवख्यांना हिणवणे आहे, आवाज ऐकून त्रास दिला जाईल म्हणून कित्येक मुली माइक बंद ठेवून खेळतात. झोपेचे खोबरे होते ते वेगळेच. त्यावर आईवडिलांनी अवश्य बोलावे. पण तुमच्या मुलाने सर्वांसमोर मोकळेपणाने जे सांगितले, ते त्या तक्रारींच्या यादीत टाकू नका. तो अनोळखी मुलगा कोणती भाषा बोलत होता, पुढे पुन्हा कधी भेटला का, सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातल्यावर त्यांचा संपर्क तुटला का, हे त्याला विचारा.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीत आहे, मी नाशिकला. आम्हाला आठवड्यातून एकदा एकत्र खेळायचे आहे, पण गोळीबाराच्या खेळात माझी गोळी नेहमी उशिराच सुटते. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोष तुमच्या हातांचा नसावा. तुमच्यातले अंतर बारा हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेशाच्या जाण्यायेण्यात आठवा हिस्सा सेकंद किमान जाणारच आणि प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त जातो. म्हणून निमिषावर निकाल लागणारे खेळ सोडा आणि ठोकळे रचून घरे बांधायचा ‘माइनक्राफ्ट’ घ्या. दोघांकडे एकच आवृत्ती हवी, जावा तर जावा, बेडरॉक तर बेडरॉक. बांधलेले घर पुढच्या आठवड्यातही जागच्या जागी असते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र एकाच्या यंत्रावर जग ठेवले, तर तो हजर असल्याशिवाय दुसऱ्याला आत जाता येत नाही, म्हणून परवडत असेल तर ‘रेल्म्स’ची, म्हणजे तुमचे जग सतत चालू ठेवणाऱ्या माइनक्राफ्टच्या सेवेची वर्गणी भरा. शनिवारी रात्री नऊची वेळ ठरवा. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतील.