इंदूरमध्ये घराजवळच्या पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी कोणती लेन्स घ्यावी?

आपण लेन्सविषयी विचारले आहे, पण ‘घरट्यातल्या पिल्लांचे अगदी जवळून फोटो हवे आहेत’ हे आपले वाक्य वाचल्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो.

लेन्सचे थोडक्यात सांगतो. बुलबुल किंवा दयाळाएवढ्या पक्ष्यासाठी ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स हवी आणि ती जुनी, वापरलेली मिळाली तरी चालते. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा.

आता घरट्याविषयी. लोकमान्य नगरातील आमच्या अंगणात अंजिराचे झाड आहे. एका पावसाळ्यात शिंपी पक्ष्याच्या मादीने त्याच्या खालच्या फांदीवरची दोन पाने शिवली. चोचीने पानाच्या कडेला बारीक भोक पाडायचे, त्यातून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओढायचा आणि बाहेर आलेले टोक पिंजून ठेवायचे, म्हणजे टाका निसटत नाही, हे तिचे काम मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले आहे. शिवलेली पाने देठाला तशीच हिरवी राहतात, त्यामुळे झाडाखाली उभ्या असलेल्या माणसालाही घरटे दिसत नाही, आणि एवढ्याशा पक्ष्याच्या पिल्लांना तेवढेच संरक्षण असते.

पिल्ले झाल्यावर आमच्या परिचयाचे एक छायाचित्रकार आले. उजेड पोहोचत नाही म्हणून त्यांनी घरट्यापुढची पाने दोऱ्याने मागे बांधली. आईने हटकले, तेव्हा ‘काकू, दोन मिनिटांचं काम आहे’ असे म्हणून त्यांनी फोटो काढले आणि दोरा न सोडताच ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या फांदीवर भारद्वाज पाहिला; घरटे रिकामे झाले होते. त्या फोटोचे पुढे पुष्कळ कौतुक झाले. मी विषय काढला की ‘भारद्वाजही निसर्गाचाच भाग आहे’ असे उत्तर मला आजही मिळते. भारद्वाज पिल्ले खातो हे मला ठाऊक आहे, परंतु ती पाने निसर्गाने बाजूला केली नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे शिकारीतच मोडते, आणि अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत.

घरट्याशिवाय जवळचा फोटो मिळत नाही, हे त्या छायाचित्रकारांचे म्हणणेही मला मान्य नाही. एप्रिलपासून सावलीत पाण्याचे पसरट मातीचे भांडे ठेवावे, शेजारी एक वाळकी फांदी रोवावी आणि ऊन पाठीशी घेऊन रोज सकाळी त्याच जागी बसावे. पक्षी माणसाला सरावतात आणि पाण्यावर उतरण्याआधी त्याच फांदीवर टेकतात. जास्वंदीवर येणारा चिमुकला शिंजीर पक्षी असाच मिळतो. हिवाळ्यात बदकांसाठी सिरपूर तलाव जवळ आहे. २०२२ मध्ये त्याला आणि यशवंतसागर जलाशयाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

पक्ष्याने स्वतःहून आपल्या खिडकीशी घरटे केले असेल, तर काचेआडून, काहीही न हलवता आणि फ्लॅश न वापरता एखादा फोटो घेण्यास माझी हरकत नाही. मात्र चोचीत किडा धरून नर किंवा मादी जवळच्या फांदीवर ताटकळत राहिली आणि आत जाईना, तर लगेच खिडकीपासून दूर व्हावे, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत घरट्याचा ठावठिकाणा कोणालाही सांगू नये.